अल्जेरिया : माफीने दहशतवाद संपला, की नुसती तोंडं बंद झाली?

हासीकर

चार वर्षं अल्जेरियात काढली. सहारातल्या हासी मसऊद या तेलगावात आठ आठवडे काम, मग चार आठवडे नाशिक. घरी आलो की हटकून कुणीतरी विचारतं, "ते अतिरेकी अजून आहेत का रे तिकडे?" तर, जवळजवळ नाहीत. ते का नाहीत यावर माझं एक मत आहे. मांडतो, जोडे मारायचे तर मारा.

आधी एक प्रसंग. मागच्या वर्षी विमान चुकलं म्हणून रात्री अल्जिअर्सहून टॅक्सीने ब्लिदाला निघालो. वाटेत जंदार्मरीचा नाका लागला. जंदार्मरी म्हणजे तिकडचे लष्करी पोलीस. नाका शंभरेक पावलांवर असतानाच ड्रायव्हरने हेडलाइट बारीक केले, गाडीच्या आतला दिवा लावला, रेडिओ बंद केला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर वर ठेवले. मला वाटलं, नियम असेल. नियम आहेच. पण नाका ओलांडल्यावर तो बोलायला लागला. १९९६ साली तो सोळा वर्षांचा होता आणि याच रस्त्याने बापाबरोबर भाजी घेऊन जायचा. तेव्हा नाका खरा की खोटा हेच कळायचं नाही. अतिरेकी पोलिसांचे कपडे चढवून रस्ता अडवायचे, ओळखपत्र मागायचे, आणि नको ते ओळखपत्र निघालं तर गळा चिरायचे. याला तिकडे शब्दच आहे, 'फो बाराज', खोटा नाका. बाप म्हणायचा, तोंडाकडे बघू नको, पायाकडे बघ. लष्करी बूट दिसले तर सरकारी, आणि खेळाचे जोडे दिसले तर… पुढचं तो बोलला नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी भराभर. १९८६ साली तेलाचे भाव पडले, सरकारची तिजोरी रिकामी झाली. ऑक्टोबर १९८८ मध्ये पोरं रस्त्यावर आली, लष्कराने गोळ्या घातल्या, शेकड्यांनी मेले. मग १९८९ मध्ये नवी घटना, अनेक पक्षांना परवानगी. त्यातून इस्लामिक सॅल्व्हेशन फ्रंट, म्हणजे 'फिस', उभा राहिला. डिसेंबर १९९१ च्या निवडणुकीची पहिली फेरी त्याने खिशात घातली. जानेवारी १९९२ मध्ये लष्कराने दुसरी फेरीच रद्द केली. पुढे दहा वर्षं जे झालं त्याला ते 'काळं दशक' म्हणतात. दीड लाख माणसं मेली असं सरकारच म्हणतं, बाकीचे दोन लाख म्हणतात.

हे थांबलं कसं? बंदुकीने कंबर मोडली, खरं आहे. पण डोंगरातला माणूस खाली उतरला तो माफीमुळे. फिसच्या एआयएस या सशस्त्र गटाने १ ऑक्टोबर १९९७ पासून शस्त्रसंधी पाळली, ती लष्कराशी गुपचूप बोलणी करून. १९९९ मध्ये बुतेफ्लिका राष्ट्राध्यक्ष झाले, नागरी सलोख्याचा कायदा आणला, सप्टेंबरात सार्वमत घेतलं, ९८ टक्के 'हो'. सरकारी हिशेबाने सहाएक हजार जण उतरले. २००५ मध्ये आणखी एक सनद आली, तिच्यात सवलती आणखी वाढल्या. उतरलेल्यांना तिकडे 'तायब' म्हणतात. आपल्या 'तौबा'चंच सख्खं भावंड.

सौदा किळसवाणा आहे. पण त्या रस्त्यावरून मी रात्री अकराला टॅक्सीने गेलो आणि जिवंत पोचलो. इराक, सीरिया, लिबिया यांच्यापुढे ठेवून बघा.

---

उंटावरचा

चोराने घराला आग लावायची, मग स्वतःच बंब आणायचा, आणि आपण त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा. धागाकर्त्यांनी "लष्कराने दुसरी फेरीच रद्द केली" एवढ्या एका वाक्यात मूळ पापावरून उडी मारली आहे.

निवडणूक तुम्हीच घेतलीत. नियम तुमचे, मतदारसंघ तुम्हीच आखलेले. पहिल्या फेरीत फिसला १८८ जागा मिळाल्या, बहुमताला आणखी जेमतेम तीस हव्या होत्या. तेवढ्यात राष्ट्राध्यक्ष शादली यांचा 'राजीनामा' झाला, पक्षावर बंदी आली, आणि हजारो माणसं उचलून वाळवंटातल्या छावण्यांत कोंबली. त्यांत शाळामास्तर होते, दुकानदार होते. मतपेटीने बदल होत नाही हे ज्याला सरकारनेच शिकवलं, तो डोंगरात जाणार नाही तर कुठे जाणार? मग माफी कुणी कुणाला द्यायची?

---

सदाशिव_पेठी

उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. (आयडीवर जाऊ नये म्हणतात, तरी गेलो.)

फिसचा दुसऱ्या क्रमांकाचा नेता अली बेलहाज लोकशाहीला उघड उघड कुफ्र, म्हणजे धर्मद्रोह, म्हणायचा. मशिदीतल्या भाषणांत, हजारोंच्या समोर. असा पक्ष एकदा निवडून आला की पुढची निवडणूक होणार होती, असं तुम्हाला मनापासून वाटतं?

आणि "लष्कराने ढकललं म्हणून डोंगरात गेले" ही तर लोणकढी. गेमारच्या लष्करी ठाण्यावर सशस्त्र हल्ला झाला तो नोव्हेंबर १९९१ मध्ये. मतदानाच्या आधी! हल्लेखोरांत अफगाणिस्तानात लढून आलेले होते. बंदुका तयार होत्या, फक्त निमित्त हवं होतं.

---

त्रैराशिक

भांडायच्या आधी आकडे बघा, दोघांचीही गैरसोय होईल.

नोंदलेले मतदार १ कोटी ३२ लाख. फिसला पहिल्या फेरीत पडलेली मतं साधारण ३२ लाख ६० हजार, म्हणजे चारातला एक मतदार. जागा १८८. सत्ताधारी एफएलएनला १६ लाख मतं आणि जागा पंधरा-सोळा. काबिलिया या बर्बर भागातल्या एफएफएस पक्षाला पाच लाख मतं, जागा २५. एफएलएनने स्वतःच्या सोयीची म्हणून जी दोन फेऱ्यांची पद्धत राबवली तिनेच त्या पक्षाला बुडवलं. प्रमाणशीर पद्धत असती तर फिस सर्वांत मोठा पक्ष ठरला असता, पण हवं ते करण्याइतका नाही.

गंमत पुढेच आहे. १९९० च्या नगरपालिका निवडणुकीत याच फिसला ४३ लाख मतं होती. दीड वर्षात दहा लाख गळाली. पालिका हातात आल्यावर लोकांनी कारभार बघितला. सदाशिवराव, हा आकडा तुमच्या विरोधात जातो. लोक आपणहून दूर चालले होते, तेव्हाच रणगाडे आणले.

---

सदाशिव_पेठी

दहा लाख गळूनही बहुमताच्या दारात उभे होते ना? दुसऱ्या फेरीनंतर घटना बदलण्याइतकं बहुमत मिळालं असतं तर तुमचं त्रैराशिक कुठे मांडणार होता?

---

पोहे_विदाउट_कांदा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

ऋजुता_ल

१९९२ वर तुम्ही सगळे रात्रभर लढाल, पण धाग्याचा प्रश्न माफीचा आहे. त्यावर बोलते.

मी पॅरिसजवळ राहते. ऑफिसातल्या एका सहकारी बाईच्या मामाला १९९४ मध्ये अल्जिअर्समधल्या घरातून रात्री नेलं. नेणारे अतिरेकी नव्हते. सरकारी गाडी होती, तोंडावर काळे बुरखे होते. तिकडे अशा पोलिसांना 'निंजा' म्हणायचे. तो परत आला नाही. असे 'बेपत्ता' किती? सरकारनेच नेमलेल्या समितीने सुरक्षा दलांच्या खात्यावर ६,१४६ मान्य केले. कुटुंबांच्या संघटना यापेक्षा जास्त सांगतात.

२००५ च्या सनदेने या घरांना भरपाई देऊ केली. अट अशी की आधी कोर्टातून 'मृत' असा निवाडा आणा. प्रेत नाही, चौकशी नाही, नेणाऱ्याचं नाव नाही, आणि मृत्यूचा कागद मात्र घरच्यांनीच मिळवायचा. त्या सहकारी बाईच्या आजीने, म्हणजे मामाच्या आईने, तो आणला नाही. ती म्हणायची, सही केली तर मारणारी मीच ठरते. बाकीच्या बायांबरोबर ती दर बुधवारी अल्जिअर्समध्ये मानवाधिकार आयोगाच्या दारात पोराचा फोटो धरून उभी राहायची. पासपोर्ट साइजच्या फोटोवरून मोठा केलेला, त्यामुळे चेहरा सगळा धूसर.

आणि फेब्रुवारी २००६ च्या अंमलबजावणीच्या आदेशात दोन कलमं आहेत, हासीकरांनी ती गाळली. ४५ वं : सुरक्षा दलांवर खटलाच चालणार नाही. ४६ वं : या 'राष्ट्रीय शोकांतिके'च्या जखमा उकरून राज्यसंस्थेला बट्टा लावेल त्याला तीन ते पाच वर्षं कैद. म्हणजे गळे चिरणारा डोंगरातून उतरून दुकान टाकणार, आणि माझा भाऊ कुठे आहे असं विचारणारी तुरुंगात जाऊ शकणार. याला तुम्ही सलोखा म्हणता?

---

हासीकर

ऋजुताताई, ४५ आणि ४६ चं समर्थन मी करणार नाही. ती कलमं सेनापतींनी स्वतःसाठी लिहून घेतली हे शेंबडं पोरही सांगेल.

पण मला सांगा, १९९९ मध्ये बुतेफ्लिकांच्या जागी तुम्ही असतात तर काय केलं असतं? डोंगरात हत्यारबंद हजारो. खाली उतरलात तर खटला आणि फाशी, असं सांगितल्यावर कोण उतरतो? आणि दुसरीकडे ज्यांच्या जिवावर सत्ता त्याच लष्कराला म्हणायचं, या, आरोपीच्या पिंजऱ्यात. दुसऱ्या दिवशी तुमचं बूदियाफ झालं असतं. (माहीत नसणाऱ्यांसाठी : १९९२ मध्ये मोरोक्कोतल्या वनवासातून बोलावून राष्ट्रप्रमुख केलेले मोहम्मद बूदियाफ. सहा महिन्यांत, अन्नाबात भाषण करताना, त्यांच्याच सुरक्षा पथकातल्या माणसाने त्यांना गोळ्या घातल्या.)

कागदावर सामूहिक हत्या, बलात्कार आणि सार्वजनिक जागी बॉम्बस्फोट करणाऱ्यांना माफी नव्हती, एवढंही लक्षात घ्या.

---

ऋजुता_ल

कागदावर. कुणी काय केलं याची चौकशी कुणी केली? तायबाने फॉर्मवर लिहिलं "मी फक्त स्वयंपाक करायचो", की झालं. तिकडे हा विनोदच आहे, काळ्या दशकात डोंगरात सगळे आचारीच होते म्हणे. आणि एआयएसला तर जानेवारी २००० मध्ये सरसकट, घाऊक माफी दिली.

---

तिरकस_चौकोन

एवढ्या लांब कशाला जाता? आपल्या गडचिरोलीत २००५ पासून आत्मसमर्पण योजना आहे. बंदूक टाका, पैसे घ्या, घर घ्या. तिथे कुणी सत्यशोधन आयोग मागत नाही. अल्जेरियाने केलं की मानवाधिकार, आपण केलं की विकास?

---

चामोर्शीकर

तिरकसभाऊ, मी त्याच जिल्ह्यातला. तुलना जमत नाही.

आमच्याकडे उतरणारा एकेकटा किंवा टोळीने उतरतो, त्याच्या नावावरचे गुन्हे पोलिसांकडे नोंदलेले असतात, आणि तो सहसा आपल्या गावी परत जात नाही. जिल्ह्याच्या ठिकाणाजवळ राहतो, कारण जुने साथीदार सोडणार नाहीत ही भीती. अल्जेरियात, वरचं वाचून वाटतं, माणूस थेट त्याच गल्लीत परत आला. ज्याचा भाऊ मारला त्याच्या शेजारी. हे फार वेगळं आहे. गावात राहिल्याशिवाय कळायचं नाही. बोअरवेलवर रोज गाठ पडते.

आणि सत्य कुणी मागत नाही हेही चूक. खबऱ्या म्हणून ज्यांना मारलं त्यांची घरं मागतात. ऐकणारा नसतो, एवढंच.

---

काळी_दोन

थोडं अवांतर. शीर्षकाखाली कुणी तरी 'अरब देश' असा टॅग लावलाय. काबिलियातल्या माणसासमोर हे म्हणून बघा! तिथले लोक अमाझिग, ज्यांना आपण बर्बर म्हणतो. त्यांच्या तमाझिग्त भाषेला राजभाषेचा दर्जा मिळायला २०१६ उजाडलं.

हे पूर्ण अवांतर नाही, कारण माफीच्या २००५ च्या सनदेवरच्या सार्वमतावर काबिलियाने जवळजवळ बहिष्कारच टाकला होता. देशभरात सरकारी आकडा ८० टक्क्यांच्या आसपास मतदानाचा, आणि काबिलियातल्या तिझी उझूत शंभरातले अकरा-बारा. त्यांचा गायक मातुब लुनेस १९९८ मध्ये रस्त्यात गाडी अडवून मारला, आणि कुणी मारला यावर आजही दोन तट आहेत.

मी मुळात 'राय' या तिकडच्या लोकप्रिय संगीतामुळे या देशाच्या नादी लागलो. शेब हस्नी, ओरानचा, प्रेमाची हळवी गाणी म्हणणारा. वयाच्या सव्विसाव्या वर्षी घराजवळ गोळ्या घालून मारला. तारीख २९ सप्टेंबर १९९४. सनदेवरचं सार्वमत कधी झालं? २९ सप्टेंबर २००५. तारीख ठरवणाऱ्या कारकुनाच्या ध्यानात आलं नसावं. किंवा आलंही असेल, काय सांगावं.

---

बोरीबंदर

हासीकरांच्या मूळ मुद्द्यालाच माझा आक्षेप आहे. संपला कुठे? घर झाडलं आणि केर शेजाऱ्याच्या दारात लोटला.

जीआयए या अतिरेकी गटातून फुटून १९९८ मध्ये जीएसपीसी ही संघटना निघाली. उत्तरेत जागा उरली नाही तशी तिची एक फांदी सहारात सरकली. २००३ मध्ये ३२ युरोपीय पर्यटकांना वाळवंटात पळवलं. खंडणीचा पैसा आला, पैशाबरोबर गाड्या आणि माणसं आली. २००७ च्या जानेवारीत हीच संघटना 'अल कायदा इन इस्लामिक मगरिब' झाली. २०१२ मध्ये उत्तर माली ज्यांनी गिळला त्यांत हे होतेच. आज माली, बुर्किना फासो, नायजर जळतायत त्याच्या काडेपेटीवर 'मेड इन अल्जेरिया' छापलेलं आहे.

आणि घर तरी पुरतं झाडलं का? ११ डिसेंबर २००७ ला अल्जिअर्समध्ये घटनात्मक परिषद आणि संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीवर आत्मघाती स्फोट झाले, संयुक्त राष्ट्रांचेच १७ कर्मचारी गेले. दोन हल्लेखोरांपैकी एक सलोख्याच्या माफीतच तुरुंगातून सुटलेला होता, असं तेव्हा छापून आलं होतं.

---

सदाशिव_पेठी

माफी मिळालेल्या हजारोंतला एक परत फिरला म्हणून योजना फसली? मग आपल्याकडचे जामीनही बंद करा.

उलट तिगंतूरीनचा वायूप्रकल्प बघा, जानेवारी २०१३. अतिरेकी म्होरक्या मुख्तार बेलमुख्तारची टोळी आत घुसली, शेकडो कामगार अडकले. अल्जेरियाने वाटाघाटी केल्या नाहीत, कुणाची परवानगी विचारली नाही, दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टरं घातली. पाश्चात्त्य पंतप्रधान फोन करत राहिले. चाळीसेक ओलीस गेले, वाईटच झालं, पण त्यानंतर तसा दुसरा प्रयत्न कुठे झाला?

---

हासीकर

सदाशिवराव, तिगंतूरीनबद्दल जपून. तेव्हा तिथे असलेला एक फोरमन आमच्या साइटवर आहे. ओलिसांना घेऊन निघालेल्या गाड्यांवर लष्कराच्याच हेलिकॉप्टरने मारा केला, यावर त्याच्यासमोर कुणी 'धडाकेबाज' वगैरे म्हटलं तर तो ताट घेऊन उठून जातो. आणि "दुसरा प्रयत्न कुठे" म्हणाल तर मार्च २०१६ मध्ये क्रेश्बाच्या वायूप्रकल्पावर रॉकेटं पडली होती. कुणी मेलं नाही म्हणून बातमी विरली.

त्यानंतर आमचं जगणं कसं झालं तेही सांगतो. कॅम्पला दोन कुंपणं, मधे वाळूचा बांध. गावात जायचं तर आधी अर्ज, मग जंदार्मची गाडी पुढे, एक मागे. खजूर घ्यायला पाच मिनिटं उतरलो तरी बंदूकवाला बाजूला उभा. दुकानदार माझ्याशी बोलत नाही, त्याच्याकडे बघतो. ही 'सुरक्षा' तेलाच्या नळाला आहे, आम्ही नळाबरोबर आलेले. खुद्द हासी मसऊदच्या लोकांना नोकऱ्या नाहीत म्हणून ते वर्षानुवर्षं निदर्शनं करतात, त्यांच्यासाठीही तोच बंदूकवाला असतो. बोरीबंदर यांचा माली-नायजरबद्दलचा मुद्दा मला मान्य आहे, माझ्या गणितात तो नव्हता.

---

उंटावरचा

हळूहळू येताय वळणावर. आता शेवटचं : बेंतल्हा. सप्टेंबर १९९७, राजधानीच्या वेशीवरची वस्ती, एका रात्रीत सरकारी आकडा ८५ आणि इतरांचा चारशेपर्यंत. वाचलेले सांगतात की लष्कर हाकेच्या अंतरावर होतं आणि आत आलं नाही. तेव्हापासून तिकडे एक प्रश्न म्हणीसारखा झालाय, 'की त्यू की?' कोण कुणाला मारतंय? माफी दिली म्हणजे या प्रश्नाचं उत्तर कायमचं पुरलं.

---

सदाशिव_पेठी

मारणारे जीआयएवाले होते. त्यांचा म्होरक्या झुआब्री याने सगळी जनताच धर्मभ्रष्ट ठरवली होती. लष्कर आलं नाही हा नालायकपणा झाला, भित्रेपणा झाला. पण "लष्करानेच मारलं" इथवर उडी मारू नका. या 'कोण कुणाला'मुळे खऱ्या खुन्यांची आयती सोय झाली.

---

ऋजुता_ल

हे मात्र खरं, दोन्ही बाजूंनी. चौकशी झाली असती तर तुमच्या दोघांपैकी एक तरी आज गप्प बसला असता.

हासीकर, एक विचारू? तुमच्या त्या ड्रायव्हरला माफीबद्दल काय वाटतं? आपण सगळे बोललो, त्याला कुणी विचारलंच नाही.

---

हासीकर

तीन दिवसांनी लिहितोय. ताईंच्या प्रश्नानंतर त्याला व्हॉट्सअॅपवर विचारलं. निळ्या खुणा लगेच आल्या, उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी रात्री आवाजी निरोप आला, मागे टीव्ही मोठ्याने लावलेला. म्हणाला, बरं झालं संपलं, पोरं शाळेत जातात. मग थोडं थांबून म्हणाला, आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक तायब आहे, मोबाइल दुरुस्त करतो, हात चांगला आहे, सलाम-दुआ होते.

मी सहज विचारलं, मग तुझा फोन बिघडला की त्याच्याकडेच नेत असशील.

"नाही. बुफारिकला."

बुफारिक ब्लिदापासून पंधराएक किलोमीटर. सकाळी बघितलं तर दोन्ही निरोप त्याने उडवलेले होते.